जिना नसलेल्या माडीला घरफाळा लावावा म्हणून

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपालिका, तळशिंगी, जि. कोल्हापूर

विषय : घर क्र. ४१२/ब च्या माडीला घरफाळा आकारून मिळणेबाबत.
संदर्भ : कार्यालयाच्या फलकावर लावलेली नवीन आकारणी यादी.
अर्जदार : आकाराम केरबा वरुटे, मधली गल्ली.

महोदय,

१. अर्जदार व त्याचे थोरले बंधू हंबीरराव यांची घरे एका सामाईक भिंतीला लागून आहेत. वडिलांच्या जागेचे दोन सारखे भाग झाले, तेव्हा मोजणीची दोरी अर्जदाराने स्वतः धरली होती. विटा एकाच भट्टीच्या, गवंडी एकच. तरी यादीत हंबीररावांच्या नावापुढे 'तळमजला व माडी, पहिला वर्ग' असे आहे आणि अर्जदाराच्या नावापुढे नुसता 'तळमजला'. शेऱ्यात 'वरील बांधकामास जिना नाही, वापर नाही, आकारणी नाही' असे लिहिले आहे. त्यामुळे अर्जदाराचा घरफाळा थोरल्या भावापेक्षा कमी आला. तक्रार त्याबद्दलच आहे.

२. जिना नाही हे खरे आहे. त्याच्या जागेत तूर्त मोटारसायकल उभी आहे. हंबीररावांनी पाडव्याला घेतली, म्हणून अर्जदारानेही घेतली. जिना मागे राहिला. परंतु शिडी आहे.

३. आपले लिपिक मोजणीस आले, तेव्हा हंबीररावांच्या माडीवर बसून चहा प्याले व फरशी वाखाणली. अर्जदाराकडे शिडी पाहून "राहू द्या पावणं, खालनं दिसतंय की," म्हणाले. खालून फक्त स्लॅबची कड दिसते. आतली फरशी हंबीररावांच्या फरशीहून मोठ्या मापाची आहे. ती तशी मुद्दाम आणली होती.

४. यादी लागल्यापासून चहाच्या गाड्यावर "आकाराम, तुझी माडी पालिकेनं उचलून न्हेली व्हय रं?" असे विचारले जाते. वापर सिद्ध व्हावा म्हणून अर्जदार सध्या माडीवर झोपतो आणि रस्त्यावरून दिसेल असा दिवा ठेवतो. पत्नी शेवंताबाई खालून ओरडतात, "उतरा आता. तुमचा दिवा बघाय कोण साहेब येत न्हाय!"

५. हेही सोसता आले असते. परंतु मातोश्री बनाबाई दिवाळीपर्यंत थोरल्याकडे आणि दिवाळीनंतर अर्जदाराकडे, असे भावाभावांत ठरले आहे. हंबीररावांच्या माडीवरून जोतिबाचा डोंगर दिसतो. उठल्याबरोबर त्याला हात जोडायची आईला सवय लागली आहे. आता ती खाली राहायला तयार नाही. डोंगर अर्जदाराच्या माडीवरूनही दिसतो. शिवाय मध्ये झाड येत नाही. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "दिसत असंल बाबा. पर ह्या वयात मी काय माकड हाय, शिडीनं चढाय?" दिवाळी होऊन गेली. आई पलीकडेच आहे. भिंतीतून तिचे व थोरल्याचे हसणे ऐकू येते. कशाला हसतात ते ऐकू येत नाही.

६. परवा हंबीररावांनी कठड्यावरून सांगितले, "भिंतीत दार पाड की. आई माझ्या जिन्यानं चढंल आन् तुझ्या खोलीत जाईल. माझा जिना काय परक्याचा हाय व्हय?" त्यांचा हेतू वाईट नाही. परंतु आईने अर्जदाराच्या घरी यायचे तेही थोरल्याच्या जिन्याने, हे अर्जदाराला सोसवत नाही. आई न येणे त्याहून सोसवत नाही.

तरी विनंती की, अर्जदाराची माडी राहती म्हणून पहिल्या वर्गात धरावी व सामाईक भिंतीत दार पाडण्यास परवानगी द्यावी. तसेच हंबीररावांच्या जिन्यावरील घरफाळ्यापैकी निम्मा अर्जदाराच्या नावे लावावा, म्हणजे आई निम्म्या वाटेने तरी अर्जदाराच्या पायऱ्यांवरून येईल. तो निम्मा भाग वरचा असावा.

फेरमोजणीस येताना पालिकेची दिवाबत्तीची शिडी सोबत आणावी. अर्जदाराच्या दारातील शिडी हंबीररावांची आहे.

आपला नम्र करदाता,
(सही)
आकाराम केरबा वरुटे
दि. ७ डिसेंबर १९९८

सोबत :
१) घराचे छायाचित्र. (त्यात डावीकडे थोरल्या भावाचा जिना आला आहे. त्याकडे पाहू नये.)
२) हंबीरराव केरबा वरुटे यांचे संमतीपत्र. (त्यांनी निम्मा नव्हे, सगळा जिना लिहून दिला आहे. अर्जदाराची मागणी निम्म्याचीच आहे.)