हालचाल झाली तरच

२ फेब्रुवारी

शेवटचं खोकं रिकामं केलं आणि एकदाचं घर लागलं. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे चार कुंड्या मावतील एवढी मोकळी जागा. पूर्वेच्या खिडकीची खोली बाबांना दिली. सकाळचं ऊन थेट त्यांच्या पांघरुणावर येतं. झटका आल्यापासून त्यांचं बोलणं गेलं, हातपाय गेले, पण डोळे तेवढेच तल्लख आहेत. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. खोली आवडली का विचारलं तर एकदा मिटली, आणि तोंडाची डावी बाजू हसली. मला एवढं पुरे.

उद्यापासून रुग्णालयाच्या लॅबमध्ये रुजू व्हायचं आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं. आई म्हणायची, ही पोरगी माझं रक्त पिते. आता त्याचाच पगार मिळणार.

६ फेब्रुवारी

बाबांना सांभाळायला मावशी मिळाल्या. बाई कामाची आहे, तोंडाची जरा फटकळ. आल्या आल्या मला म्हणाल्या, पांघरूण घालताय की पार्सल बांधताय? पण त्या दुपारी एक वाजताच जातात आणि मी पाचला येते. मधले चार तास बाबा एकटे. दादा परदेशातून रोज फोनवर तेच टुमणं लावतो की कॅमेरा बसव, चिमणे, कॅमेरा बसव. बसवते एकदाचा.

८ फेब्रुवारी

कॅमेरेवाला आला. मला वाटलं होतं, भिंतीला खिळा ठोकायचा की झालं. त्याने तासभर शाळा घेतली. म्हणे कॅमेरा कुठलाही घ्या, खरा प्रश्न चित्रण साठवायचं कुठे आणि किती. एक तर कॅमेऱ्याच्याच पोटात नखाएवढं कार्ड. नाहीतर कपाटात डबा ठेवायचा, त्यात मोठी डिस्क. नाहीतर सगळं इंटरनेटवरून कंपनीकडे जमा. शिवाय चोवीस तास रेकॉर्ड करायचं, की हालचाल झाली तरच, तेही ठरवा.

मी कार्ड घेतलं, आणि हालचाल झाली तरच. पलंगावर पडलेल्या माणसाचं चोवीस तास काय साठवायचं? कॅमेरेवाला म्हणाला, शहाणपणाचं केलंत, बहुतेक लोक हेच घेतात.

१९ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी चहा पिताना चित्रणाचे तुकडे बघते. मावशी येतात, दूध पाजतात, कूस बदलतात, जातात. त्यानंतर एकदम मी. मधल्या चार तासांत एकही तुकडा नाही. छान, म्हटलं, बाबा झोपत असतील.

पण मावशी आज म्हणाल्या की साहेब सारखे कपाटाच्या कोपऱ्याकडे बघतात, मान वळवून दिली तरी डोळे तिकडेच. पूर्वी कोपऱ्यात बघायचे, आता कोपऱ्याच्या जरा अलीकडे. मी बाबांना हसत विचारलं, कोण आहे का तिथे?

पापणी एकदा मिटली. मी वाट पाहिली. दुसऱ्यांदा मिटलीच नाही.

२३ फेब्रुवारी

कॅमेरेवाल्याला पुन्हा बोलावलं. आता कपाटात डबा, आणि रेकॉर्डिंग चोवीस तास. महिनाभराचं मावतं, मग जुन्यावर नवं चढतं. तो म्हणाला, रिकामी खोली बघत बसणार का ताई? म्हटलं, बघेन. बाबा खोटं बोलत नाहीत. आता तर बोलतच नाहीत.

१ मार्च

सुट्टी होती. सहा दिवसांचं चित्रण पळवून पाहिलं. सहा दिवस अर्ध्या मिनिटात.

त्या वेगाला माणसं दिसतच नाहीत. मावशी म्हणजे एक फराटा, मी म्हणजे दुसरा. बाबा आणि पलंग तेवढे स्थिर. आणि एक उंच, राखाडी काहीतरी कपाटापासून पलंगाकडे चालत येतंय.

चालतंय. पाय उचलून, टेकवून. साध्या वेगाला आणलं की दिसत नाही. पडद्याची सावली वाटते, कपाटाची कड वाटते. दिवसाला एक वीत पुढे सरकतं. इतक्या सावकाश सरकणाऱ्याला कॅमेरा हालचाल समजत नाही, नजर सामान समजते. ते कुठल्या दारातून आलं ते शोधायला चित्रण मागे नेलं, पार पहिल्या क्षणापर्यंत. कॅमेरेवाला शिडीवरून उतरतोय, आणि ते त्याच्या मागे उभं आहे. त्याआधीचं माझ्याकडे काहीच नाही. मीच साठवलं नाही.

पट्टी घेऊन मोजलं. पलंगापर्यंत आठ वीत उरलीत.

४ मार्च

कॅमेरेवाल्याने भिंग पुसलं, कॅमेरा बदलला. नव्यातही तेच. तो स्क्रीनकडे बघत बसला, मग हत्यारं गोळा केली आणि म्हणाला की हे माझ्या कामातलं नाही. चहासुद्धा न घेता गेला. फोन उचलत नाही.

मावशींना मदतीला घेऊन बाबांचा पलंग बाहेरच्या खोलीत ओढला. काढलेला कॅमेरा तिथे बसवला.

५ मार्च

ते बाहेरच्या खोलीत आहे. भिंतीतून आलं म्हणावं तर तसं कुठेच दिसत नाही. आतल्या खोलीत काल होतं, आज नाही. इथे आहे. पलंगापासून चार वीत. काल पाच होतं. म्हणजे कुठेही नेलं तरी हिशोब तोच.

तरी हातपाय गाळून कसं चालेल? रुग्णालयात खाट मागितली. नऊ तारखेला मिळेल. दादाला चित्रण पाठवलं. तो म्हणाला, तू दमली आहेस, चिमणे. इतकं मायेने म्हणाला की मला रडू आलं.

९ मार्च

सकाळी नऊ. बाबांची पिशवी भरली. रुग्णवाहिका दहाला येते, म्हणून मावशींना आज सुट्टी दिली. बाबा घाबरलेत, पाच मिनिटं हात धरून बसते.

९ मार्च, पुन्हा

अंधार पडलाय. मी पाचच मिनिटं बसले होते. शपथेवर सांगते.

फोनवर चालकाचे चौदा कॉल. बेल वाजवून गेला म्हणे. मला ऐकू आलं नाही.

चित्रण पाहिलं. मी खुर्चीत, बाबांचा हात माझ्या हातात. नऊपासून सातपर्यंत मी हलले नाही. एकदा पापणी मिटली, ती उघडायला बारा मिनिटं लागली. ते पलंगावर वाकलं होतं. त्याचा हात बाबांच्या हातावर होता.

आणि बाबांचा माझ्या.

१४ मार्च

बाबांना नेलं.

मावशींनी डॉक्टर बोलावले. त्यांनी मिनिटभर छाती ऐकली, मान हलवली आणि गेले म्हणाले. मिनिटभर! मी दोन दिवस नाडीवर बोट ठेवून घड्याळ बघत होते. आधीच्या दोन ठोक्यांच्या मध्ये चार मिनिटं गेली होती. पुढचा यायचा होता. येणार होता.

मी थांबा म्हणाले. म्हणायला लागले. तोंड उघडेपर्यंत खोली रिकामी — पलंगावर चादरसुद्धा नव्हती —

जाताना बाबांचे डोळे अर्धवट उघडे होते. पापणी मिटत होती. मी पाहिली. खाली येत होती.

१९ मार्च

भिंतीवरच्या कॅलेंडरवरून तारीख कळते. ऊन जमिनीवरून पळतं, वर्तमानपत्राचं पान उलटल्यासारखं.

दादा आला. आधी फराटा दिसला, मग तो समोर बसून राहिला तेव्हा ओळखला. केस पांढरे झालेत. तीन डॉक्टर आणले. बापाचा रोग लेकीला, म्हणाले. वही-पेन त्यानेच हाताशी ठेवलं. बोलतात ते किड्यांच्या किरकिरीसारखं. तासभर कान दिला की चार शब्द लागतात.

लागलेले शब्द : चोवीस तास कशाला. रिकाम्या खोलीचं काय साठवायचं. हालचाल झाली तरच —

मी खोलीत होते, दादा.

२८ मार्च

आता मला ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. सावकाश नाही. साधं चालतं. माणसासारखं. पलंगाला वळसा घालून आलं, माझ्या खुर्चीमागे थांबलं. श्वास घेतं. माझा आणि त्याचा श्वास एका लयीत —

तोंड बघायचं नाही ठरवलंय.

११ एप्रिल

एक ओळ लिहायला — ऊन, अंधार, ऊन. दादा गेला नाही. नोकरी सोडली असं काहीतरी. शेजारी स्टुलावर बसतो. पुष्कळ बसतो.

आधी फराटा होता. आता नीट दिसतो.

नीट का दिसतो —

तारीख दिसत नाही

त्याचा आवाजही लागला. सगळे शब्द. चिमणे, मी आहे, कुठे जात नाही.

डावा हात. माझा डावा हात धरून बसलाय. किती दिवस —

ते आमच्यामध्ये वाकलंय

दादा हात सो