छपरावरची निळी ताडपत्री

पॉइंट-ओ-सेल, लुइझियाना
६ जून

ती. ओडीलताईस,
धाकट्या क्लोव्हिसचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे, माझे कान सोडून. परवा तुझा फोन आला तेव्हा एक अक्षर कळलं नाही. मी आपला अंदाजाने तीनदा हो म्हणालो. कशाकशाला म्हणालो ते कळव, म्हणजे निस्तरायला बरं. आपलं पत्रच चांगलं, त्यात तुझा आवाजही चढत नाही.

यंदा कोळंबी चांगली लागली आहे. विकून उरलेली उकडून वाळत घालतो. मागे तू लिहिलं होतंस तसंच करतोय. अंगणात मांजरं पाळत ठेवतात, म्हणून मागच्या सज्ज्यावरच्या छपरावर. खिडकीतून पाय टाकला की पोचतो. खाली वादळाच्या वेळची निळी ताडपत्री अंथरतो. सोडे असे खणखणीत झाले आहेत की चावताना शेजारच्यांना ऐकू जावं. मला जात नाही, ते वेगळं.

आता वाईट बातमी. विमा कंपनीचं पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून ते आपल्या घराचा विमा पुढे चालवणार नाहीत. कारण काय, तर वादळात फुटलेलं छप्पर मी दुरुस्त केलेलं नाही म्हणे. त्यांनी विमानातून फोटो काढलाय. ताई, छपराचा एक पत्रा हललेला नाही, मी स्वतः ठोकलेत. एजंट गिद्रीकडे गेलो. तो म्हणाला की कंपनीने नाही म्हटलं की ज्याला कुणीच घेत नाही त्याला घेणारी सरकारी विमा योजना उरते, आणि तिचा हप्ता वर्षाला नऊ हजार चारशे डॉलर. आत्ता आपण दोघं मिळून तीन हजार आठशे भरतो.

घरावर कर्ज नाही, त्यामुळे विमा घ्याच म्हणून कुणी मानगुटीवर बसणार नाही. मी म्हणतो, विम्याशिवाय राहू. अंगणात मदर मेरी उभी आहे, ती तीस वर्षं फुकट राखण करते आहे.

तुझी माया आहे म्हणून लिहितो, ती आटू देऊ नकोस.
तुझा, क्लोव्हिस

बॅटन रूज
११ जून

चि. क्लोव्हिस यास,
अनेक आशीर्वाद, आणि अक्कल यावी म्हणून एक जादा.

तुझं पत्र मी डॅनेटला वाचून दाखवलं. सोडे वाचले, छप्पर वाचलं, ताडपत्री वाचली, आणि विमानातल्या फोटोपाशी आल्यावर माझी लेक हसून हसून खुर्चीतून घसरली. अरे शहाण्या, वादळानंतर फुटक्या छपरावर निळी ताडपत्री घालायची ही आपल्याकडची रीत पोराटोरांना ठाऊक आहे. वरून जाणाऱ्याला तुझे सोडे कसे दिसणार? त्याला निळं दिसलं. त्याने लिहून टाकलं, छप्पर फुटकं. सत्तर वर्षं या खाडीवर काढलीस आणि आपलंच घर पडकं म्हणून जाहीर केलंस.

छपरावर वाळत घाल असं मी लिहिलं होतं हे कबूल. ताडपत्री निळी घाल असं लिहिलं नव्हतं.

आता चेष्टा पुरे. विम्याशिवाय राहायचं नाव काढू नकोस. आपल्या खाडीवरचा एल्मो असंच म्हणाला होता. मागच्या मोठ्या वादळात त्याच्या घराचे नुसते खांब उरले. आता ह्यूस्टनला जावयाकडे कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचं काम करतो. मदर मेरीबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण तिचा स्वतःचा हात गेल्या वादळात तुटला, तो तू सिमेंटने चिकटवलास.

अर्धं घर माझ्या नावावर आहे, तेव्हा हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. ताडपत्री काढ, गिद्रीला बोलाव, त्याला छपराचा फोटो काढू दे. डॅनेटचं म्हणणं आहे की मासेमारीच्या हौशी शहरी लोकांना अशी घरं हवी असतात, विकून मोकळे व्हा. मी तिला म्हटलं, बघू.

माझं उत्तम चाललं आहे. लिफ्ट आहे, गार हवा आहे. कोळंबी बर्फातली मिळते. तिला चव नसते, पण वासही नसतो, असं डॅनेट म्हणते.

माझ्यावर आहे तेवढा लोभ सांभाळ, आणि छपरावर चढताना चपला काढ.
ओडील

पॉइंट-ओ-सेल
२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हुकमाप्रमाणे सगळं केलं. छप्पर धुऊन पुसून लख्ख केलं. गिद्री फोटो काढायला आला तर नेमका एक पाणपक्षी मधोमध येऊन बसला. गिद्रीला भीती की कंपनी आता पक्षी पाळल्याचा जादा हप्ता लावेल. पुरावा म्हणून मी त्याच्या कचेरीत पिशवीभर सोडे नेऊन दिले. त्याच्या कारकूनबाईने त्यातला अर्धा पुरावा तिथेच संपवला.

तर निकाल असा. छप्पर शाबूत आहे हे कंपनीला पटलं. विमा पुढे चालेल. पण हप्ता सहा हजार शंभर, कारण या किनाऱ्यावर सगळ्यांचाच वाढलाय. शेजारणीचा तर याहून जास्त, आणि तिने छपरावर काहीच वाळत घातलं नव्हतं.

तुझ्या पेन्शनमधून तू आणखी किती काढणार? तुला डॅनेटच्या भाड्यातही वाटा द्यावा लागतो. म्हणून ठरवलंय की होडी विकायची. गिऱ्हाईक आहे. होडी विकून घराचा विमा भरणं म्हणजे बैल विकून गोठा शाकारणं, हे मलाही कळतं, पण दुसरं सुचत नाही.

कंपनीने फॉर्ममधल्या एका रकान्याबद्दल काहीतरी विचारलंय, तीस तारखेच्या आत. किरकोळ आहे. मी बघतो.

तुझ्या मनात जागा असू दे.
क्लोव्हिस

बॅटन रूज
२६ जून

ती. क्लोव्हिसमामास,
भाची डॅनेटचा नमस्कार.

मामा, तुम्ही किरकोळ म्हणालात की आम्हाला काळजी वाटते. म्हणून मी गिद्रींना फोन केला. तो रकाना मला त्यांनी वाचून दाखवला. ‘घरात राहणारी माणसं’. तुम्ही तिथे दरवर्षी दोन लिहिता. क्लोव्हिस आणि ओडील. अकरा वर्षं.

कंपनीचं म्हणणं सरळ आहे. एकटा माणूस, तोही दिवसचे दिवस होडीवर, म्हणजे घर रिकामं. रिकाम्या घराचा विमा ते या किनाऱ्यावर करतच नाहीत. दुसरी व्यक्ती खरोखर राहते हे दाखवा, नाहीतर खोटी माहिती म्हणून विमा रद्द. म्हणजे मग ती नऊ हजारांची सरकारी योजना, किंवा घर विकणं. मी गयावया करून मुदत पंधरा जुलैपर्यंत वाढवून घेतली आहे.

मला आधी हसू आलं. म्हटलं, ताडपत्री झाली, आता मामांनी माझी आईच छपरावर वाळत घातली. पण मी फोनवर मोठ्याने ‘ओडील’ म्हणाले ते आईने ऐकलं. तिने सगळं विचारून घेतलं. तेव्हापासून ती तुमची जुनी पत्रं काढून पुन्हा पुन्हा वाचते आहे. तुम्हीच तिला काय ते लिहा. घर विका म्हणून मी तिच्यामागे लागले होते, ते आता लागत नाही.

प्रेम आहे, रागावू नका.
तुमची डॅनेट

पॉइंट-ओ-सेल
१ जुलै

ती. ताईस,
सा. न.

तुला फसवायचं नव्हतं, कंपनीलाही नाही. तू गेलीस तेव्हा डॅनेटला बाळ झालं होतं आणि तू दोन महिन्यांसाठी जाते म्हणाली होतीस. तेवढ्यात फॉर्म आला. मी दोन लिहिलं, कारण तू येणारच होतीस. दुसऱ्या वर्षी बाळ आजारी होतं. तिसऱ्या वर्षी तुझा गुडघा. दरवर्षी गिद्री आधीचाच फॉर्म छापून पाठवतो आणि बदल असेल तर खोडा म्हणतो. बदल झालाय हे मला ठाऊक होतं. तुझ्या नावावर रेघ मारायची म्हणून पेन हातात घ्यायचो आणि खाली सही करून पाठवून द्यायचो.

ताई, मला इथे एकट्याला करमत नाही. हे फोनवर सांगायला जमलं नसतं, कारण तू काय उत्तर दिलंस ते मला ऐकू आलं नसतं.

तू ओशाळू नकोस. तुझं तिकडे उत्तम चाललंय हे तू प्रत्येक पत्रात लिहितेस आणि मला त्याचा आनंद आहे. उद्या-परवा मी रेघ मारून एक लिहितो आणि पाठवतो. विमा गेला तर गेला. मग घराचं काय करायचं ते तू आणि डॅनेट ठरवा, मी सही करीन.

तुझी माया होती आणि आहे, एवढं पुरे.
क्लोव्हिस

बॅटन रूज
५ जुलै

चि. क्लोव्हिस यास,
आशीर्वाद.

फॉर्मला हात लावशील तर याद राख. हे पत्र पोचायच्या आत रेघ मारली असशील तर गिद्रीकडून दुसरा फॉर्म आण आणि नीट अक्षरात लिही. दोन.

माझं उत्तम चाललंय असं मी लिहीत होते, कारण तू कधी ये म्हणाला नाहीस. अकरा वर्षं तू हे कंपनीला कळवत होतास, मला नाही. टपाल खातं दोघांनाही पत्रं पोचवतं, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं. इथे लिफ्टमध्ये लोक भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. गार हवेने माझा गुडघा रात्रंदिवस ठणकतो. डॅनेटचं पोर आता अकरा वर्षांचं झालं, त्याला सांभाळायला मी कशाला? तोच मला फोन लावून देतो.

इथल्या भाड्यातला माझा वाटा वाचेल, त्यात हप्त्याचा माझा अर्धा भाग बसतो आणि थोडं उरतं. होडीच्या गिऱ्हाइकाला सांग, होडी विकायची नाही. डॅनेट बारा तारखेला गाडीने आणून सोडते. ती रडली, मग म्हणाली की सुट्टीत यायला तिला आता जागा झाली. माझा नवा पत्ता घातलेलं ओळखपत्र घेऊन आपण दोघं गिद्रीच्या कचेरीत जाऊ. त्याला म्हणावं, दुसरी व्यक्ती स्वतः आली आहे, फोटो काढायचा तर काढ.

कंपनीला खोटी माहिती दिली असं आपल्या घराण्यात कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी येते आहे. दुसरं काही मनात आणू नकोस.

लोभाचं काय ते समोरासमोर बघू. आणि या पत्राला उत्तर पाठवू नकोस. या पत्त्यावर मी राहत नाही.
ओडील