ठाण्याच्या लॉ कॉलेजातून परतल्यावर

शनिवार, संध्याकाळ. ठाकुर्ली.

सईची बारावी झाली, म्हणून आज मीच तिला ठाण्याचं लॉ कॉलेज बघायला नेलेलं. तिथल्या मॅडमनी मूट कोर्ट दाखवलं. खरं कोर्टच वाटतं, मुलं तिथे खटला लढवायला शिकतात. मी वकिलाच्या टेबलावर हात ठेवून उभी होते.

"बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, पदवी असेल तर तीन वर्षांचा, वयाची अट नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग मीही येऊ शकते?" तोंडातून निघूनच गेलं!

सईने चमकून माझ्याकडे बघितलं. घरी येईपर्यंत लोकलच्या खिडकीबाहेरच बघत बसली. लाज वाटली का तिला माझी? त्या टेबलावरून हात काढवत नव्हता, हे तिने बघितलं असेल?

चहा टाकताना ती मागे येऊन म्हणाली, "आई, मला वकील नाही व्हायचंय. तुला व्हायचंय."

रागवायला वळले आणि "हो" म्हणाले.