आईसारखा वळणारा हात

४ नोव्हेंबर

चि. चिमण्यास अनेक आशीर्वाद.

चोपन्न वर्षांच्या माणसाला चिमण्या म्हणू नये, असं तुझी बायको म्हणते. तिला सांग, मला दुसरं नाव येत नाही.

तुझं पत्र मिळालं. नकाशांच्या कचेरीत तुला अखेर खिडकीजवळचं टेबल मिळालं, छान झालं. माझं मात्र बरं नाही. दीड महिना झाला, रात्री उजवा हात वळतो. गोळा येतो आणि बोटं उलगडता उलगडत नाहीत. डॉक्टरांना सांगितलं, की पायांनाही मुंग्या येतात, पडवत नाही, खोलीभर फिरत बसते. त्यांनी एवढंच ऐकलं आणि ‘रेस्टलेस लेग्ज’ लिहून गोळ्या दिल्या. हाताचं विचारलं तर म्हणाले, वय झालं, दिवसभर पुस्तकं शिवता, हात दमणारच. दुखणं रेड्याला नि डाग पखालीला! गोळ्या संपत आल्या, फरक शून्य. काल वाचनालयाच्या दुरुस्तीखोलीत सुई हातातून दोनदा पडली.

हाताचा आकार कसा होतो ते लिहीत नाही. लिहिलं तर तो दिवसाही येईल असं वाटतं. तुला तो आठवत नसेल तर बरंच आहे.

आहे तशी माया ठेव.
तुझी ताई

११ नोव्हेंबर

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

मला आठवतो. चार बोटं ताठ, एकमेकींना चिकटलेली, अंगठा आत आणि मनगट खाली वाकलेलं. आईचा हात. तू मुद्दाम लिहिलं नाहीस, म्हणून मीच लिहितो.

ताई, आणखी एक आठवलं आणि दोन दिवस कागदावर रेघ सरळ येईना. आई गेली त्या वसंतात तिच्या गळ्याला पट्टी होती. मानेतली गाठ काढून ती घरी आली, तेव्हा मी पट्टीला हात लावला म्हणून बाबांनी मला मारलं होतं. त्यानंतरच तिचा हात वळायला लागला. ओठांना मुंग्या येतात म्हणायची. डॉक्टर म्हणाले मनाचं आहे, बाबा म्हणाले नाटक आहे.

ऑगस्टमध्ये तुझ्याही मानेची गाठ काढली. हे तू डॉक्टरांना सांगितलंस का? नसशीलच. गळ्याला रुमाल बांधून गेली असशील. दुसरे डॉक्टर गाठ आणि आधी मान दाखव. नाही गेलीस तर मी येऊन बसेन, आणि माझं घोरणं तुला ठाऊक आहे.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.
तुझा चिमण्या

२३ नोव्हेंबर

चि. चिमण्यास आशीर्वाद.

गेले. नव्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलणं कमी. त्यांनी रुमाल काढायला सांगितला, व्रण पाहिला आणि रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर बांधून फुगवला. तसाच ठेवला. तीन मिनिटंही झाली नसतील, बोटं आपोआप जवळ आली, अंगठा आत गेला, मनगट वाकलं. बाहेर लख्ख ऊन, शिपाई फायली नेत होता, आणि माझ्या मांडीवर आईचा हात पडलेला. मी ओरडले नाही. नुसती बघत राहिले.

मानेतल्या थायरॉइड ग्रंथीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात म्हणे. ऑपरेशनमध्ये त्या दुखावल्या तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं. माझं फार उतरलं होतं. त्याच दिवशी शिरेतून दिलं. आता रोजच्या गोळ्या आहेत. सहा रात्री हात वळलेला नाही.

मी आईचं विचारलं. बाई म्हणाल्या, “न पाहता नक्की सांगता येणार नाही. पण असंच असेल, तर घसाही आवळतो. रक्त तेव्हाही तपासता आलं असतं.”

आता तुला सांगते. त्या रात्री आईने मला हाक मारली होती. दोनदा. मी जागी होते. बाबांचंच खरं वाटायचं मला. मी भिंतीकडे तोंड केलं आणि झोपेचं सोंग घेतलं. सकाळी ती गेलेली होती. एवढे दिवस वाटत होतं, तीच माझ्या हातात येते, जाब विचारायला. आता हात बरा झाला, तर कोणी येतही नाही. मी मात्र ठरल्या वेळी उठून बसते.

हे वाचून लोभ उरला तर कळव.
ताई

२ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

मीही जागा होतो.

मी आईच्या कुशीत निजायचो, हे तू विसरलीस. तू उठली नाहीस तेव्हा मी तुला उठवायला निघालो होतो. आईने वाकड्या हातानेच माझा सदरा धरला. म्हणाली, “राहू दे. तिची उद्या परीक्षा आहे.” मग मी तिची बोटं एकेक करून उलगडायचा प्रयत्न केला. एक उलगडलं की दुसरं मिटायचं. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ती हसली, म्हणून मला वाटलं बरं वाटतंय. हात धरूनच मला झोप लागली.

नऊ वर्षांचा होतो, सांगितलेलं ऐकणारा. पंचेचाळीस वर्षं हे कोणाला बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू विचारलं असतंस, तिचं का ऐकलंस.

आता विचार. मी शनिवारी येतोय, दोन दिवस राहीन. ठरल्या वेळी उठलीस की मलाही उठव.

तुझा
चिमण्या