एक तुझं, एक माझं

प्रिय दादा,

आईचा फोन तुला येऊन गेला असेलच. ती काय म्हणाली असेल तेही मी इथे बसून सांगू शकते. ‘तुझ्या बहिणीचं डोकं फिरलंय, पोटची दोन्ही पोरं नवऱ्याला देऊन मोकळी झालीये.’ त्यातलं ‘मोकळी’ तिने दोनदा म्हटलं असेल. तर बातमी खरी आहे. घटस्फोट झाला, मुलांचा ताबा त्याच्याकडे गेला, आणि मुलांच्या खोलीतला दुमजली पलंग गेल्या आठवड्यात टेम्पोत चढला. तुलाही मला चार शब्द सुनावायचे असतील तर सुनाव, पण आधी हे वाच. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपण दोघं एकमेकांची तब्येत विचारतो, तुझ्याकडे ऊन आहे की पाऊस ते विचारतो, आणि मग ‘चल, ठेवू का?’ म्हणतो.

घटस्फोट का झाला हे तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. त्याचं बाहेर काही नव्हतं, माझंही नव्हतं. तसं काही असतं तर सांगायला तरी सोपं गेलं असतं. आमचं बोलणंच बंद झालं होतं. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दिवसभर अनोळखी लोकांना ‘घाबरू नका, मी आहे ना’ म्हणत शिकवायचा आणि घरी आला की तोंडाला कुलूप. मीही काही कमी नव्हते. मी दातांच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घासायचे, आणि घरी आल्यावर माझे स्वतःचे दात एकमेकांवर. निरोप मुलांकरवी जायचे. ‘बाबांना सांग, गॅस संपलाय.’ ‘आईला सांग, मला ठाऊक आहे.’ धाकटीला तो खेळ वाटायचा, पळत जायची, पळत यायची. एकदा ती त्याच्याकडून आली आणि म्हणाली, ‘बाबा काही नाही म्हणाले.’ मी दाराआडून ऐकलं होतं तो काय म्हणाला ते. माझ्या पोरीने ते वाक्य वाटेतच गिळलं होतं, मला लागेल म्हणून. अजून तिला बुटाची नाडी बांधता येत नाही, दादा. दुसऱ्या दिवशी मी वकीलबाई गाठली.

वकीलबाई बरी होती. सगळे विचारतात तेच मीही विचारलं. घर कुणाकडे राहतं, पोटगी मिळते का, मुलांना कोर्टात उभं करतात का. ती एकेक उत्तर देत होती, मध्येच चहा पीत होती. दोघांचीही संमती असेल तर लवकर सुटाल म्हणाली, भांडलात तर मुलं मोठी होईपर्यंत तारखा चालतील. पुढे तिनेच विचारलं, ‘मुलांचं काय ठरलंय?’ मी म्हटलं, त्यात ठरवायचं काय, मुलं माझ्याकडे. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पहिल्यांदा कवळी लावायला आलेल्या माणसाकडे पाहते.

मध्यस्थीच्या खोलीत एक गोल टेबल होतं आणि त्यावर कागदी रुमालांचा डबा, आमच्यासाठीच ठेवलेला. मध्यस्थबाई वयस्कर, आवाज मऊ. नवऱ्याने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि अगदी शांतपणे म्हणाला, ‘मुलगा माझ्याकडे, मुलगी हिच्याकडे. एक तुझं, एक माझं. कुणावरच अन्याय नको.’ मध्यस्थबाईंचा चेहरा खुलला. एवढा समंजस नवरा त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा. ‘सुट्ट्यांमध्ये भावंडं भेटतीलच की,’ त्या म्हणाल्या. मी ‘आलेच’ म्हणून उठले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. मला त्या खोलीत तू दिसत होतास.

आपल्या वेळी, आई-बाबा वेगळे झाले तेव्हा, गोल टेबल नव्हतं, स्वयंपाकघरातलं साधं टेबल होतं. पण शब्द हेच होते, दादा. सुट्टीत भेटाल की. बाबांनी हत्यारांची पेटी उचलली, तुझं दप्तर उचललं आणि तुम्ही दोघं जिना उतरून गेलात. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, तरी त्या दिवशी तुम्ही लिफ्टने गेला नाहीत. का ते मला अजून कळलेलं नाही. पहिल्या सुट्टीत तू आलास तेव्हा आपण एका पांघरुणात झोपलो आणि तुझ्या नव्या शाळेतल्या मास्तरांच्या नकला तू करून दाखवल्यास. दुसऱ्या वर्षी आईने तुझं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं, तू मोठा झालास म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षी तू दारातून आत आलास, सोफ्याच्या कडेला बसलास आणि आईला विचारलंस, ‘थोडं पाणी मिळेल का?’ ज्या घरात तू माठात हात घालून पाणी सांडायचास, त्याच घरात. आईने तुला पाहुण्यांच्या पेल्यात पाणी दिलं. तिला काही वाटलं नाही, तुलाही नसेल. मला मात्र ते खटकलं, पण त्याला काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. त्यानंतर तू येणंच कमी केलंस.

आणि तुझं लग्न. फोटोवाला म्हणाला, ‘पाहुण्यांनी जरा बाजूला व्हा, आता फक्त घरचे.’ आणि मी बाजूला झाले. कुणी ढकललं नाही, माझे पायच गेले. तू मला हाक मारली नाहीस म्हणून रागावले नव्हते. खरी गोष्ट अशी की तेव्हा मलाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. परतीच्या बसमध्ये वाटलं. शेजारच्या बाईने विचारलं, कुणाचं लग्न होतं? मी म्हटलं, ओळखीतल्यांचं.

आईला हे सांगून पाहिलं. नवऱ्याचा प्रस्ताव ऐकून तिने मानच डोलावली. म्हणाली, ‘चांगलंच आहे की. आम्हीही तेच केलं. तुमचं काय वाईट झालं? दोघंही शिकलात, कमावताय. आम्ही कोर्टात एकमेकांची धुणी धुतली नाहीत.’ तिला त्याचा अभिमान आहे, दादा. आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिने आणि बाबांनी एकमताने केली.

तुला माझी मुलं नीट माहीत नाहीत, म्हणून सांगते. माझी कामाची पाळी सकाळची असली की धाकटीची वेणी थोरला घालतो. वाकडी घालतो, रबर उलटं लावतो, आणि शाळेत कुणी हसलं तर ती पोर त्यांच्याशी भांडते. ती पलंगाच्या खालच्या मजल्यावर, तो वरच्या. झोप लागेपर्यंत त्याने हात खाली सोडून ठेवायचा, असा तिचा हुकूम. हात मुंग्या येऊन जड होतो म्हणून तो रोज कुरकुरतो आणि रोज सोडतो. कोर्टाच्या समुपदेशकाने त्याला एकट्याला आत बोलावून विचारलं, तुला कुणाकडे राहायचंय? तो म्हणाला, ‘ती कुठे जाणारे?’ समुपदेशकाला वाटलं तो माझ्याबद्दल विचारतोय. त्याने तसं लिहूनही घेतलं.

वकीलबाई म्हणाली, भांडू. शक्यतो भावंडांना कोर्ट तोडत नाही, म्हणाली. पण नवरा मुलाचा हट्ट सोडेना. ‘दोन्ही तुझी, मग मी काय नुसता पाहत बसू?’ त्याचंही खोटं नव्हतं. पोरांच्या तापात तो जागलाय, डबे त्यानेच भरलेत. तो वाईट बाप असता तर मी खुशाल भांडले असते. पण निकाल लागेपर्यंत थोरल्याला पुन्हा पुन्हा आत बोलावणार, पुन्हा पुन्हा तेच विचारणार, आणि तोवर एक इथे, एक तिथे. तेवढ्यात किती पाहुणेपण शिकतात मुलं, ते तुला आणि मला माहीत आहे. पुढच्या बैठकीत मी म्हटलं, ‘मग दोघंही तू घे.’

खोटं कशाला बोलू? मला वाटलं होतं तो घाबरेल. दोन पोरं, त्याची म्हातारी आई, नोकरी. म्हणेल, नको, तूच ठेव. त्याने चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाला, ‘चालेल.’ बस, एवढंच. मध्यस्थबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. समजूतदार नवऱ्यापुढे ही कसली आई, असा चेहरा. वकीलबाई बाहेर आल्यावर म्हणाली, सही करायच्या आधी पुन्हा विचार करा. मी केला. आणि सही केली.

आता लॅबमध्ये माझ्याशेजारी बसणारी बाई डबा घेऊन पलीकडे जाऊन बसते. एकदा न राहवून म्हणालीच, ‘नवऱ्याने मारलं असतं तरी मी माझी पोरं दिली नसती हो.’ मी म्हटलं, ‘तुमची पोरं नशीबवान.’ धाकटी जाताना विचारत होती, तुझा पलंग टेम्पोत कधी ठेवणार? थोरल्याने खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधली. त्याला सगळं समजतं असं त्याला वाटतं, आणि त्याला समजलंय ते इतकंच की आईने आम्हाला देऊन टाकलं. ते त्याच्या मनातून काढायला माझ्याकडे शब्द नाहीत. मोठा झाल्यावर कळेल असं लोक म्हणतात. आपण मोठे झालो, आपल्याला काय कळलं?

आता पत्र कशासाठी ते सांगते, कारण तुझ्याकडे काही मागायची मला सवय नाही आणि मागितल्याशिवाय भागत नाही. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलने नवी शाखा काढलीये आणि त्याची तिथे बदली झालीये, तुझ्या शहरात. बसडेपोच्या मागच्या गल्लीत घर घेतलंय. तुझ्या घरापासून चालत जाण्याइतकं आहे म्हणे. मला महिन्यातले दोनच शनिवार मिळालेत, आणि शनिवारी मुलं आवरून, नवे कपडे घालून बसलेली असणार; खरं काही दिसायचं नाही. तू मधल्याच एखाद्या वारी जा. खाऊ नेऊ नकोस, खेळणी नेऊ नकोस, नाहीतर तुलाही ती पाहुण्यांत धरतील. ‘मी मामा’ म्हण आणि आत जा. दोघं एका खोलीत झोपतात का बघ. एकमेकांशी भांडतात का बघ. भांडत असतील तर चांगलं आहे. आणि त्यांतलं एक जरी दुसऱ्याशी ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ करून बोलताना दिसलं, तर मला लगेच फोन कर. मग मी कोर्टाच्या पायरीवर आयुष्य काढेन. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्याला कळलंच नसतं मी काय बघायला सांगतेय ते.

तुझीच,
छोटी