बाईंच्या गोष्टींतल्या वेलांट्या

बाई,

मालवणच्या बाजारातलं तुमचं टायपिंगचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली; तुम्हाला जाऊनही. अलीकडे तुमच्या लेकाने तुमच्या जुन्या फायली मला पाठवल्या. जवळच्या आचरा गावच्या बायकांकडून ऐकून तुम्ही टाइप केलेल्या मालवणी गोष्टी त्या. पण तुमचा तो फॉन्ट आता कुठल्या संगणकावर नाही. उघडलं की नुसती रोमन अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं. लेक फोनवर म्हणाला, "बघ काय होता काय, नायतर टाकून देवया."

टाकून कसं देणार? कॉलेज संपवून नोकरीविना घरी बसले होते तेव्हा तुम्हीच मला कामावर घेतलंत. एक दिवस अजून आठवतो. एका नाटकाचं माहितीपत्रक मुंबईच्या प्रयोगासाठी प्रमाण मराठीत करायचं होतं, आणि मी संगणकावर एका फटक्यात सगळीकडे 'आसा'चं 'आहे' करून टाकलं. छापलेला कागद तुम्ही हातात घेता, चष्मा वर सारता. "गो बाय, नायिकेचा नाव आसावरी मां? हय 'आहेवरी' झाली. आता तिका आहेर कोण करतलो?" मी हसते, तुम्ही हसत नाही. "शब्द खंय सुरू होता, खंय संपता ता बघ, मगे हात लाव. आणि मूळ फायल कदी बदलूची नाय. नवी कर."

पुढे पुण्यात नोकरीत हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. त्या भाषेत फंक्शनला, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या सूचनांच्या तुकड्याला, मजकूर दिला की ते नवा मजकूर परत देतं, जुना होता तसाच राहतो. सोबतच्यांना ते विचित्र वाटे. मला वाटलं, इथेही बाई आहेत.

त्याच भाषेत तुमच्या फायली सोडवायला बसले. अक्षरांचा साचा सांगून मजकूर शोधायचा, त्याला रेजेक्स म्हणतात. असे साचे लिहून एकेका फंक्शनला एकेकच काम दिलं. आधी चिन्हांची अक्षरं झाली. मग वेलांट्या. तुमच्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, आजच्या संगणकाला ती अक्षरानंतर लागते, म्हणून उचलून पुढे ठेवायची होती. मी ती एकाच व्यंजनापलीकडे नेली आणि 'पत्रिका' फुटली. वेलांटी जोडाक्षराच्या मध्येच अडकली. साचा बदलला: एक व्यंजन, मग हलन्त, म्हणजे पाय मोडल्याची खूण, आणि पुढचं व्यंजन, असं जितक्या वेळा येईल तितकं सगळं धर आणि मग वेलांटी ठेव. पुन्हा चालवलं. पडद्यावर 'एक होती म्हातारी'पासून अख्खी गोष्ट नीट आली आणि मला तुमचा आवाज ऐकू आला.

त्या गोष्टी सांगणाऱ्यांपैकी एकच आजी आता उरल्या आहेत. आचऱ्याला जाऊन त्यांच्या पडवीत बसून मी त्यांना त्यांचीच गोष्ट वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "ह्या माझाच बोलणा मां! बायन काय्येक बदलूक नाय. परत वाच गो." मी परत वाचली. त्या दिवशी तुमचे आभार मानायला तुम्ही तिथे हव्या होतात.

एक राहिलं. शेवटच्या गोष्टीत एका शब्दातलं चिन्ह कुठल्याच साच्यात बसेना, शब्दच लागेना. आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "इसारलंय गो." त्या शब्दाच्या जागी मी माझ्या आईच्या तोंडचा एक शब्द घातला आणि कुणाला सांगितलं नाही. वाचणाऱ्याला तो बाहेरचा म्हणून ओळखू येणार नाही. तुम्हाला लगेच आला असता. हे पत्र पाठवता आलं असतं, तर एवढा भाग मी बहुतेक गाळला असता.