तापलेल्या कार्डाबद्दल भाऊजींना

ती. भाऊजींना, गुडघे परवानगी देतात तेवढा वाकून नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? जिना चढताना अजून धरते का? अक्काचे दात, अंगणातलं लिंबाचं झाड आणि तुमचा चष्मा, सगळी मंडळी ठीक असतील अशी आशा आहे. चष्म्याची चौकशी मुद्दाम करतो, कारण हे पत्र तुम्ही स्वतः वाचायचं आहे. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘खासगी’ लिहिलंय ते त्यासाठीच. चष्मा सापडत नसेल तर सापडेपर्यंत थांबा, उशीखाली बघा, फ्रिजमध्ये बघा (मागच्या वेळी तिथेच होता), पण वाचून दाखवायला म्हणून पत्र अक्काच्या हातात देऊ नका. फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि अक्का कायम फोनजवळ असते.

तर भाऊजी, माझा कम्प्युटर. नऊ वर्षांचा झाला, मान्य. पण माझं पोट त्याच्यावर आहे. लाकूड कापायच्या आधी गिऱ्हाइकाला कपाट पडद्यावर पुढून दाखवायचं, मागून दाखवायचं, गरकन फिरवून दार उघडून दाखवायचं, हे सगळं मी त्याच्यावरच करतो, आणि ज्या भागाच्या जिवावर ही फिरवाफिरवी चालते त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. वहीएवढी एक पट्टी आणि तिला दोन पंखे, बस्स. हे कार्ड दोन-तीन वर्षं कुरकुरत होतंच, गेले तीन महिने तर नुसतं बोंबलतंय! कपाट फिरवायला घेतलं की आधी घूं, मग घर्र, मग छतावरून विमान चाललंय असा आवाज. पडद्यावर उष्णतेचा आकडा चढत चढत त्र्याण्णवला जातो आणि सगळं काळंठिक्कर. कपाटही गेलं आणि सकाळपासूनचं कामही गेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती वेगळीच, तिचा आकडा कुठे दिसत नाही.

बरं, मी त्याची हेळसांड करतो म्हणावं तर तसंही नाही. त्याला अक्काने शिवलेलं कव्हर आहे, तुम्ही पाहिलंच आहे. आईच्या खोलीतला निळा पडदा, आत कापसाचा बोटभर जाड थर, खाली झालर, पुढे चालू करायच्या बटणासाठी सुबक काज आणि मागे वायरी बाहेर काढायला टिचबटणं लावलेली फट. म्हणजे कव्हर कधी काढावंच लागत नाही. आई गेल्यावर तिची खोली रिकामी करताना अक्काने त्या एका पडद्याची तीन कव्हरं शिवली, तिघा भावंडांना एकेक. मधल्याने आपल्या कव्हराने मोटारीची काच पुसली, ते अक्काने खिडकीतून बघितलं, आणि तेव्हापासून ती त्याला ‘अहो’ म्हणते. सख्ख्या धाकट्या भावाला! त्याच्या मुलीच्या लग्नात ‘तुम्ही जेवून घ्या हं’ म्हणाली तेव्हा तो हात धुवायच्या निमित्ताने आत जाऊन रडला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता आई गेल्यापासून ‘अरे, जेवलास का’ असं विचारणारं मला एकच माणूस उरलंय. तिनेही उद्या ‘अहो’ सुरू केलं तर मी कुठे जायचं, सांगा. म्हणून पुढे जे लिहितोय ते तुमच्या-माझ्यातच राहू द्या.

दुरुस्तीच्या दुकानात एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात, कारण ते आधी यंत्राच्या पाठीवर हात ठेवतात आणि मग बोलतात. कव्हर वाटेत मळू नये म्हणून मी ते काढून, नीट घडी करून कपाटात ठेवलं आणि कम्प्युटर रिक्षात मांडीवर घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चालू केला. भाऊजी, आवाज नाही! मी माझ्या हाताने कपाट फिरवलं, पलंग फिरवला, अख्खं स्वयंपाकघर उलटंपालटं केलं, पण आकडा साठाच्या वर जाईना. जसा काही या कार्डाइतका गुणी प्राणी जगात नाही. घरी आणला, कव्हर घातलं, काम सुरू केलं, की अर्ध्या तासात विमान! परत नेला, परत गप्प. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आतली धूळ उडवली, कार्ड उघडून त्यावर टूथपेस्टसारखं काहीतरी पांढरं लावलं आणि मला विचारलं, की घरी दुसरं काही टेन्शन आहे का. मला! तोपर्यंत नव्हतं.

मग मी घरावर संशय घेतला. टेबल खिडकीपाशी नेलं, खिडकीपासून लांब नेलं, विजेचा बोर्ड बदलून घेतला, वरच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या वॉशिंग मशीनची चौकशी केली (त्या बाईंनी दार अर्धंच उघडलं). आमची ही एवढंच म्हणाली, की एकदा ते कव्हर काढून तर बघा. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. शेवटी जुनं कार्ड काढून नवं कोरं बसवलं, दुकानातच तासभर चालवून बघितलं, गोगलगायीसारखं गप्प. आणि दुसऱ्याच दिवशी सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालबाई घरी आल्या. ग्रंथालयाची सगळी कपाटं करायचं काम आहे भाऊजी, वर्षभराची चिंता मिटेल. मी मुलांच्या विभागाचं बुटकं कपाट फिरवायला घेतलं आणि नव्या कार्डाने जुन्याच्या वरताण सूर लावला. बाई ओरडून म्हणाल्या, की शेजारी बांधकाम चाललंय का. मी ओरडून ‘हो’ म्हणालो. तेवढ्यात पडदा काळा झाला. आता येत्या गुरुवारी त्या शेवटचं बघायला येणार आहेत, नाहीतर काम दुसऱ्याला.

नवीन कार्डसुद्धा असं वागतं म्हटल्यावर मी डॉक्टरांना घरी बोलावलं. ते आले, दारातच थांबले, कव्हराकडे बघितलं आणि हसले. हसले, भाऊजी! म्हणाले, ‘याला थंडी वाजते का हो?’ वर झालर दोन बोटांनी उचलून बघितली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सांगितलं, की हे माझ्या बहिणीने शिवलंय, आईच्या पडद्याचं आहे, याच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही, आणि त्यांना चहा न देता वाटेला लावलं. म्हणे हवा जात नाही! अहो, नऊ वर्षं यंत्र चाललं ना? (कव्हर शिवून तीनच वर्षं झाली हे ही मागून म्हणाली. तिला कोणी विचारलं होतं?) हल्ली माणसांना काम येत नाही, नावं ठेवता येतात. अक्काला यातलं काही कळता कामा नये, तिला उगाच लागेल.

माझं काम एवढंच, की तुमच्या माळ्यावरचा मोठा टेबलफॅन गुरुवारपुरता पाठवून द्या. कम्प्युटरच्या तोंडासमोर लावतो. अक्काला सांगा की मला उकडतंय.

तुमचा संतापलेला
धाकटा मेहुणा

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून बरं. आज सकाळी हिने मला न विचारता कव्हर धुवायला काढलं. मी उघड्या कम्प्युटरवर काम करत बसलो. दोन तास झाले. आवाज नाही. आकडा अठ्ठावन्न. मी कव्हर (ओलंच) परत घातलं: घूं, घर्र, विमान. काढलं: गप्प. असं सात वेळा केलं. ही दारात उभी राहून बघत होती, मग स्वयंपाकघरात गेली आणि तिथे हसली. जुनं कार्ड ड्रॉवरमध्ये बिचारं निर्दोष पडलंय. डॉक्टरांना चहा पाजायला जायचंय, पण पाय उचलत नाही. टेबलफॅन पाठवू नका.

आणखी ता. क. अक्का, ‘खासगी’ लिहिलेलं पाकीट तू सगळ्यांत आधी फोडतेस हे मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणूनच तसं लिहिलं. तुझ्या नावाने लिहायला बसलो की पहिल्या ओळीच्या पुढे जाता येईना. कव्हर मी टाकलेलं नाही, पोछ्याला घेतलेलं नाही, दोरीवर सावलीत वाळत घातलंय. त्याला मागे आणि दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या ठेवाव्या लागतील, नाहीतर हे यंत्र मरेल आणि माझं कामही जाईल. मी दोनदा कात्री घेऊन बसलो. आईच्या पडद्यावर माझा हात होत नाही. तू ये. बुधवारी ये, तुझी कात्री घेऊन ये, आणि तूच काप. राग आला असेल तर इथे येऊन समोर बसून ओरड, कार्ड आता गप्प आहे, सगळं नीट ऐकू येईल. येणार असशील तर तसं दोन ओळींत कळव, आणि पहिली ओळ ‘अरे गाढवा’ अशीच लिही.